हॉवर्थचे पाळक पॅट्रिक ब्राँटे : एकाच मंडळीत 41 वर्षे

दगडी_दौत

पॅट्रिक ब्राँटे हे नाव आपल्याकडे शार्लट, एमिली आणि ॲन या तीन लेखिकांचे वडील म्हणूनच घेतले जाते, आणि मुलींच्या कादंबऱ्यांवरचे लेखन वाचताना ते कुठेतरी मागच्या खोलीत बसलेले, तिरसट स्वभावाचे म्हातारे गृहस्थ म्हणून भेटतात. या धाग्यात मुलींना शक्य तेवढे बाजूला ठेवून त्यांच्याकडे एका लहान गावाचे पाळक म्हणून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. एप्रिल 1820 मध्ये ते पत्नी आणि सहा मुलांसह इंग्लंडच्या यॉर्कशरमधील हॉवर्थ येथे आले आणि 7 जून 1861 रोजी वयाच्या 84 व्या वर्षी तेथेच वारले. मधल्या 41 वर्षांत त्यांनी पत्नी आणि सहाही अपत्ये गमावली, पण गाव सोडले नाही.

मला पडलेला प्रश्न असा की हे गावाने चालवून कसे घेतले? हॉवर्थची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, पाळकाच्या बाबतीत अत्यंत हट्टी होती. हॉवर्थ हे स्वतंत्र पॅरिश, म्हणजे एका मुख्य चर्चचे कार्यक्षेत्र, नव्हते. ते ब्रॅडफर्डच्या पॅरिशखाली येत असे, त्यामुळे पाळक नेमण्याचा अधिकार ब्रॅडफर्डच्या व्हिकरचा, म्हणजे तिथल्या मुख्य पाळकाचा, होता. मात्र पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात गावकऱ्यांनी जमीन घेऊन तिचे उत्पन्न पाळकाच्या वेतनासाठी लावून दिले होते आणि त्या जमिनीचे विश्वस्त गावातलेच होते. आपल्याला विचारल्याशिवाय नेमलेल्या माणसाला वेतन न देण्याचा हक्क ते सांगत असत. थोडक्यात, नेमणूक एकाच्या हाती आणि थैली दुसऱ्याच्या हाती होती.

1819 मध्ये जुने पाळक जेम्स चारनॉक वारल्यावर व्हिकर हेन्री हीप यांनी विश्वस्तांना न विचारता पॅट्रिक यांचे नाव जाहीर केले आणि भांडण पेटले. विश्वस्तांचा राग पॅट्रिक यांच्यावर नव्हता, पद्धतीवर होता. पॅट्रिक यांनी माघार घेतल्यावर व्हिकरने सॅम्युएल रेडहेड यांना पाठवले. त्यांच्या पहिल्याच रविवारी लाकडी तळव्यांचे बूट खडखडवीत लोक उपासनेतून उठून गेले, आणि तिसऱ्या रविवारनंतर रेडहेड यांनी गावाचा नाद सोडला. पुढे व्हिकर व विश्वस्त यांच्यात तडजोड होऊन दोघांच्या संमतीने पॅट्रिक यांचीच नेमणूक झाली. ज्या गावाने एका पाळकाला तीन रविवारांत परतवून लावले, त्याच गावात दुसरा 41 वर्षे टिकला, याचे कारण काय असावे?

वाचनवेडी

धागा आवडला. मी जे काही वाचले आहे त्यात पॅट्रिक रोज सकाळी खिडकीतून पिस्तूल झाडत, रागाच्या भरात पत्नीचा रेशमी झगा त्यांनी कापून टाकला, मुलांना मांस खाऊ दिले नाही, अशाच गोष्टी होत्या. असा माणूस मंडळीला प्रिय कसा असेल?

सह्यकडा

या बहुतेक गोष्टींचा उगम कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी 1857 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शार्लटच्या चरित्रात आहे. ते चरित्र लिहावे अशी विनंती स्वतः पॅट्रिक यांनीच केली होती, हा यातला विलक्षण भाग. झगा आणि मांस यांविषयीच्या कथा एका कामावरून काढलेल्या बाईच्या सांगण्यावर आधारलेल्या होत्या. पॅट्रिक यांनी त्यांना हरकत घेतली आणि नंतरच्या आवृत्तीत त्यांतला काही मजकूर गाळण्यात आला. पिस्तुलाची सवय खरी आहे. 1812 मध्ये ते हार्टशेडला पाळक होते आणि त्याच परिसरातील रॉफोल्ड्स गिरणीवर लुडाइट, म्हणजे यंत्रांची मोडतोड करणाऱ्या, कामगारांनी रात्री हल्ला केला होता. तेव्हापासून ते भरलेले पिस्तूल जवळ ठेवीत, आणि त्या काळच्या पिस्तुलातील गोळी काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते झाडणे हाच होता.

गॅस्केल यांच्याच पुस्तकात एका गावकऱ्याने पाळकाविषयी दिलेले मत आहे. त्याचा आशय असा की माणूस चांगला आहे, तो आपले काम पाहतो आणि आमच्या भानगडीत पडत नाही. यॉर्कशरच्या त्या डोंगराळ भागात याहून मोठी स्तुती कुणी करीत नसावे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला यातच दिसते. पॅट्रिक यांच्या आधी 1742 ते 1763 या काळात तेथे विल्यम ग्रिमशॉ नावाचे तेजस्वी पाळक होऊन गेले होते. उपासनेत लांबलचक स्तोत्र सुरू करून द्यायचे आणि तेवढ्या वेळात चाबूक घेऊन दारूच्या गुत्त्यांतली माणसे चर्चमध्ये हाकून आणायची, अशी त्यांची ख्याती होती. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे त्या काळचे नामवंत धर्मोपदेशक त्यांच्या बोलावण्यावरून हॉवर्थला येऊन उपदेश करून गेले. असा पूर्वज लाभलेल्या ठिकाणी नव्या माणसाने त्याची नक्कल केली असती तर हसे झाले असते. पॅट्रिक यांनी ती केली नाही.

मुळाकाठ

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला आहे, त्यामुळे विश्वस्तांचा तो हट्ट मला परका वाटला नाही. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल परंपरेच्या, म्हणजे पाळक निवडण्याचा अधिकार मंडळीचा मानणाऱ्या. 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक नेमले गेले. त्यानंतर पाळकाचे वेतन मिशनने द्यायचे की मंडळीने वर्गणीतून, हा प्रश्न पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण पैसा जिथून येतो तिथून शब्दही येतो. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर आमच्या मंडळ्या बिशपच्या व्यवस्थेखाली आल्या. आता पाळकसाहेबांच्या बदल्या होतात आणि एकच माणूस चाळीस वर्षे एका चर्चमध्ये, ही गोष्ट जवळजवळ अशक्य झाली आहे.

ते चांगले की वाईट, यावर आमच्या घरात एकमत नाही. आजोबांचे म्हणणे असे की बाप्तिस्मा देणारा, लग्न लावणारा आणि शेवटी माती देणारा माणूस एकच असावा. वडिलांचे म्हणणे असे की दहा वर्षांनंतर प्रत्येक पाळकाचा एक तट तयार होतो आणि उरलेली मंडळी घरी बसते. हॉवर्थमध्ये असे तट पडले होते का, ते जाणकारांनी सांगावे.

तर्कटी

मला या चर्चेत थोडे पाणी घालायचे आहे. दीर्घकाळ एका जागी राहणे हा गुण आहे, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. पॅट्रिक हे आयर्लंडमधील डाउन परगण्यातल्या गरीब शेतकऱ्याचे चिरंजीव होते. त्यांनी विणकामासारखी कामे केली, सोळाव्या वर्षी शाळा चालवली, मग एका पाळकाच्या आश्रयाने 1802 मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात सायझर म्हणून, म्हणजे सवलतीच्या शुल्कावर शिकणारा विद्यार्थी म्हणून, प्रवेश मिळवला. त्या काळच्या इंग्लंडच्या चर्चमध्ये चांगली जागा मिळण्यासाठी जमीनदार आश्रयदाता किंवा वजनदार नातेवाईक लागत असे, आणि यांच्याकडे तो नव्हता. हॉवर्थचे पद परपेच्युअल क्युरेटचे होते. त्यात राहायला घर मिळत होते आणि एकदा परवाना मिळाल्यावर सहजासहजी काढता येत नव्हते. सहा मुलांचा बाप, ज्याची पत्नी सप्टेंबर 1821 मध्येच वारली, तो जाणार कुठे होता? 41 वर्षे ही निष्ठा असेल किंवा नुसती अगतिकता असेल. गावासाठी त्यांनी नेमके काय केले, हे कळल्याशिवाय मी त्यांना थोर म्हणणार नाही.

दगडी_दौत

तर्कटी यांची शंका रास्त आहे, आणि पद सोडून जाणे त्यांना परवडणारे नव्हते हेही खरे आहे. पण अगतिक माणूस ज्यांच्या हाती थैली आहे त्यांना दुखवत नाही. पॅट्रिक यांनी वयाच्या 72 व्या वर्षी गावातल्या मालमत्ताधारकांना दुखवले, तेही पाण्यासाठी.

हॉवर्थ हे उतारावर वसलेले गिरणी-कामगारांचे आणि लोकर विंचरणाऱ्यांचे गाव होते. चर्च, पाळकाचे घर आणि दफनभूमी चढावर होती आणि मुख्य रस्त्याची घरे खाली होती. गटारे नव्हती. घरांच्या मागे उकिरडे आणि खाटिकखान्याची घाण साचत असे आणि पिण्याचे पाणी विहिरी व हापशांतून येत असे. लोकर विंचरण्यासाठी कोळशाच्या शेगड्या रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागत, म्हणून त्या खोल्यांच्या खिडक्या बंद असत, आणि माणसे त्याच खोल्यांत झोपत.

सप्टेंबर 1848 ते मे 1849 या नऊ महिन्यांत पॅट्रिक यांचा मुलगा ब्रॅनवेल आणि एमिली व ॲन या दोन मुली वारल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट 1849 मध्ये, हॉवर्थकडून लंडनच्या जनरल बोर्ड ऑफ हेल्थकडे अर्ज गेला, आणि त्यात पुढाकार पॅट्रिक यांचा होता. एप्रिल 1850 मध्ये तपासणीसाठी बेंजामिन हर्शेल बॅबेज आले. गणकयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांचे हे चिरंजीव. त्यांच्या अहवालातील आकडे असे : मृत्यूसमयीचे सरासरी वय 25.8 वर्षे, जन्मलेल्यांपैकी 41.6 टक्के मुले सहा वर्षांची होण्याआधीच मृत. संपूर्ण गावात मिळून 69 शौचकूप. दफनभूमीत आधीच्या दहा वर्षांत 1,344 दफने झालेली होती. हा शेवटचा आकडा पाळकाच्या नजरेने वाचावा. आठवड्याला सरासरी अडीच अंत्यविधी, दहा वर्षे सलग. त्यांतले कितीतरी पॅट्रिक आणि त्यांचे साहाय्यक यांच्या हातून झालेले, आणि त्यांत लहान मुलांची संख्या किती असेल ते वरच्या टक्केवारीवरून ताडता येते. तोच माणूस नोंदवह्या लिहीत होता. गाव कशाने मरते आहे हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला दिसत असेल, असे मला वाटत नाही.

नळजोडणी

पाणीपुरवठा खात्यात नोकरी केल्यामुळे या भागात भर घालण्याचा मोह आवरत नाही. प्रथम एक खुलासा करतो : 25.8 हे सरासरी वय म्हणजे माणसे पंचविशीत मरत होती असे नव्हे. बालमृत्यू प्रचंड असले की सरासरी खाली येते. जी मुले जगत, त्यांतली बरीच साठीपर्यंत पोचत. तरीही आकडा भयंकर आहे.

1848 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशी तरतूद होती की करदात्यांपैकी दहाव्या हिश्श्याने मागणी केली तर मध्यवर्ती मंडळ तपासनीस पाठवू शकते. म्हणजे पाळकाने एकट्याने पत्र लिहून भागत नव्हते, दारोदार सह्या गोळा कराव्या लागत. खरी अडचण पुढे असते. नळ आणि गटारे आली की स्थानिक मंडळ नेमले जाते, मंडळ आले की कर येतो, आणि कर मालमत्तेच्या मूल्यावर बसतो. ज्याच्या मळ्यात स्वतःचा झरा आहे त्याला गावातल्या तळघरात राहणाऱ्या विणकऱ्याच्या पाण्यासाठी पैसे का द्यावेत हे कळत नाही. हॉवर्थमध्ये हेच झाले. मोठ्या मालमत्तेच्या लोकांनी हरकती घेतल्या, आपल्या जमिनी योजनेच्या हद्दीतून वगळाव्यात अशी मागणी केली, आणि काम लांबले. पॅट्रिक मात्र लंडनला पत्रे पाठवून विलंबाचे कारण विचारीत राहिले. जलाशयाचे काम पुरे व्हायला 1858 साल उजाडले. नऊ वर्षे! मी स्वतः ज्या योजना जवळून पाहिल्या आहेत त्यांचा विचार करता मला ही मुदत फार वाटत नाही, पण अर्जदाराचे वय तोवर 81 झाले होते.

वाचनवेडी

म्हणजे दफनभूमीतून झिरपणाऱ्या पाण्यामुळेच ब्राँटे भावंडे गेली, असे जे सांगितले जाते ते बरोबर आहे का?

सह्यकडा

तसे ठामपणे म्हणणे योग्य होणार नाही. मरिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी 1825 मध्ये शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि क्षयाने वारल्या. एमिली आणि ॲन यांनाही क्षयच होता. खराब पाण्याने प्रकृती आधीच खालावली असेल, असे फार तर म्हणता येईल. गावातील हगवण आणि तापाचे मृत्यू हा वेगळा विषय आहे, आणि अर्ज त्यांच्यासाठी होता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पाण्याच्या लढ्याला मुलींच्या मृत्यूचे उपाख्यान बनवले की पुन्हा गाव मागे पडते आणि घर पुढे येते.

पाण्याशी निगडित एक मृत्यू मात्र थेट मंडळीच्या कामातला आहे. 1839 मध्ये आलेले साहाय्यक पाळक विल्यम वेटमन हे तरुण, हसतमुख आणि गावात सर्वांचे लाडके होते. आजाऱ्यांच्या घरी जाता-जाता त्यांना पटकी झाली आणि सप्टेंबर 1842 मध्ये वयाच्या 28 व्या वर्षी ते वारले. पॅट्रिक नेहमी कागदाशिवाय उपदेश करीत, पण वेटमन यांच्यावरचा उपदेश त्यांनी लिहून काढला आणि तो छापला गेला. आपण दोघे पिता-पुत्रासारखे होतो, असे त्यांनी त्यात म्हटले आहे.

तर्कटी

पाण्याचा मुद्दा मी मान्य करतो. पण मुळाकाठ यांचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. तट होते की नाही?

दगडी_दौत

होते, आणि चांगलेच होते. फक्त ते पाळकाच्या बाजूचे आणि विरुद्धचे असे नव्हते. हॉवर्थमध्ये बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट या इंग्लंडच्या चर्चपासून वेगळ्या असलेल्या पंथांच्या मंडळ्या भक्कम होत्या. त्या काळी इंग्लंडमध्ये चर्चकर नावाचा कर असे. पॅरिश चर्चच्या दुरुस्तीसाठी तो सर्वांनी द्यायचा, मग तुम्ही त्या चर्चमध्ये पाऊल टाकत नसलात तरी. बाप्टिस्टांना हे अन्यायाचे वाटे आणि 1830 च्या दशकात हॉवर्थच्या सभांमध्ये त्यावरून वादंग झाले. पॅट्रिक चर्चच्या बाजूचे होते, बालकांच्या बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर त्यांनी बाप्टिस्टांविरुद्ध पत्रिकाही छापली, त्यामुळे त्यांना सर्वांचे मित्र म्हणून रंगवण्यात अर्थ नाही. तथापि याच माणसाने 1837 मध्ये नव्या गरीब-कायद्याविरुद्धच्या जाहीर सभेचे अध्यक्षपद स्वीकारले. त्या कायद्याने निर्धनांना घरी मिळणारी मदत आखडून त्यांना श्रमगृहात धाडण्याची सोय केली होती. पॅट्रिक राजकारणात टोरी पक्षाचे होते आणि कायदा विरोधी व्हिग पक्षाच्या सरकारचा होता, असे कुणी म्हणेल. पण लहानसहान गुन्ह्यांसाठी फाशी देऊ नये असेही त्यांनी वृत्तपत्रांतून लिहिले होते, आणि त्यात पक्षाचा काही लाभ नव्हता.

माझे मत असे बनले आहे की सिद्धांतावर भांडण आणि भाकरी-पाण्यावर एकी, ही दोन खाती त्यांनी वेगळी ठेवली. 1832 मध्ये चर्चशेजारी रविवारची शाळा उभी राहिली तीही याच हिशेबात धरावी, कारण गिरणीत आठवडाभर राबणाऱ्या मुलांना वाचायला शिकण्याची जागा बहुधा तीच होती.

मुळाकाठ

उत्तर पटले. यावरून पॅट्रिक यांचे जावई आर्थर बेल निकल्स यांची आठवण झाली. ते 1845 मध्ये साहाय्यक म्हणून आले आणि दोनच वर्षांत दफनभूमीतल्या थडग्यांवर बायका धुणे वाळत घालतात म्हणून त्यांनी मोहीम उघडली. गावात संताप झाला. तत्त्वतः निकल्स यांचे बरोबर असेल, परंतु अंगण नसलेल्या घरातल्या बाईने ओले कपडे कुठे न्यावेत याचा विचार त्यात नव्हता. पॅट्रिक यांनी 25 वर्षे ते धुणे पाहिले होते आणि ते काही बोलले नव्हते.

सह्यकडा

निकल्स यांना इतक्यावर सोडू नये. डिसेंबर 1852 मध्ये त्यांनी शार्लटला मागणी घातली तेव्हा पॅट्रिक इतके भडकले की निकल्स यांना पुढच्या वर्षी गाव सोडावे लागले. निरोप देताना मंडळीने त्यांना सोन्याचे घड्याळ भेट दिले, म्हणजे धुण्याचा राग तोवर निवळला असावा. जून 1854 मध्ये लग्न झाले, पॅट्रिक त्या सकाळी चर्चमध्ये गेलेच नाहीत, आणि नऊ महिन्यांनी, 31 मार्च 1855 रोजी, शार्लट वारली. त्यानंतर सहा वर्षे निकल्स यांनी सासऱ्यांना सांभाळले आणि मंडळीचे बहुतेक सारे काम एकहाती केले. म्हणून 41 वर्षांच्या कारकिर्दीतली शेवटची काही वर्षे प्रत्यक्षात निकल्स यांची आहेत. 1859 नंतर पॅट्रिक उपदेशासाठी उभे राहिले नाहीत.

तर्कटी

मग पुढचे पाळक निकल्सच झाले असणार?

दगडी_दौत

नाही. 1861 मध्ये पॅट्रिक यांच्या अंत्यविधीच्या दिवशी गावातली दुकाने बंद होती, पण नेमणुकीचा प्रश्न आला तेव्हा विश्वस्तांनी आपला जुना हक्क पुन्हा वापरला आणि निकल्स यांना डावलून जॉन वेड यांना पसंती दिली. सुमारे पंधरा वर्षे काम केलेल्या, त्यांतली सहा वर्षे सारा भार उचललेल्या माणसाला वृद्ध पाळकाचा जावई असण्याचा काहीही लाभ मिळाला नाही. निकल्स सामान आवरून आयर्लंडमधील बानाहरला निघून गेले आणि 1906 पर्यंत तेथे जगले. पुन्हा पाळकपद त्यांनी घेतले नाही.

वाचनवेडी

हे फारच कठोर झाले. गावाला पॅट्रिक यांच्याविषयी प्रेम होते की नव्हते, हेच मला आता कळेनासे झाले आहे.

नळजोडणी

प्रेम असेल, पण पाळक निवडताना त्याचा हिशेब झाला नाही, एवढेच यातून दिसते. 1879 मध्ये वेड यांनी पॅट्रिक यांचे जुने चर्च मनोरा तेवढा ठेवून पाडले आणि नवे बांधले. त्याविरुद्ध ओरड झाली ती मुख्यतः बाहेरच्या साहित्यप्रेमींची. खर्चाचा मोठा वाटा स्थानिक गिरणीमालक मायकेल मेरल यांनी उचलला. जुन्या इमारतीच्या फरशीखाली पिढ्यान्‌पिढ्यांची दफने होती आणि बाहेरची जमीन ओली होती, हे लक्षात घेतले तर गावकऱ्यांची बाजू मला समजते. बॅबेज यांच्या अहवालाने दफनभूमी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि तो अहवाल मागवणारा माणूस या चर्चचाच पाळक होता. 1879 मध्ये पॅट्रिक असते तर त्यांनी सही कोणत्या बाजूने केली असती, यावर मी पैज लावायला तयार आहे.

तर्कटी

पैज मी घेत नाही, कारण हरेन. मात्र त्यांनी त्या सहीसोबत गिरणीमालकाला गटाराच्या थकलेल्या कराचीही आठवण करून दिली असती, असा माझा अंदाज आहे.